वादळात छप्पर का उडतं आणि आमच्या घराचं आम्ही कसं बांधून घेतलं

दिवाळी झाली की गावाकडच्या ग्रुपवर दरवर्षी एकच चर्चा सुरू होते, यंदा कौलं काढून पत्रा घालू का, आणि घातला तर कुठला, साधा निळा की तो कौलासारखा दिसणारा, मग कुणीतरी सांगतं की आमच्याकडे सिमेंटचा होता तो निसर्ग वादळात फुटला, दुसरं कुणी म्हणतं आमची कौलंच बरी, आणि शेवटी कुणीतरी मला टॅग करतं. मी पुण्यात स्ट्रक्चरल डिझाइनचं काम करते आणि माहेर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे हा प्रश्न फिरून माझ्याकडे येतोच. मी सगळ्यांना उलट विचारते, वर काय घालायचं ते नंतर बघू, आधी सांगा तुमचे वासे, म्हणजे छपराची तिरकी लाकडं, भिंतीला कशाने धरलेत? बहुतेकांना माहीतच नसतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही कारण घर बांधताना ते कुणी दाखवतच नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते म्हणजे लिंक पाठवता येईल.

३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटरच्या घरात होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली, सगळीकडे पोफळी आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, त्यात लॉकडाऊन, कारागीर नाहीत, पत्रे नाहीत, कौलं नाहीत आणि डोक्यावर पाऊस. पुढच्याच वर्षी मे २०२१ मध्ये तौक्ते आलं, ते तर आपल्याकडे किनाऱ्यावर चढलंही नाही, समोरून गुजरातला निघून गेलं, तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत छपरं गेली. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये फयान. तेव्हा हे जन्मात एकदा येणारं संकट आहे असं धरून चालण्यात आता अर्थ नाही.

निसर्गनंतर जेव्हा गावात जाता आलं तेव्हा मी सवयीने पडलेल्या घरांचे सांधे बघत फिरले. झाड पडून जी घरं मोडली त्यांचं वेगळं, पण नुसत्या वाऱ्याने ज्यांचं छप्पर गेलं त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसली. भिंत जागेवर, भिंतीच्या डोक्यावरचं आडवं लाकूड पण बऱ्याच ठिकाणी जागेवर, आणि त्यातून वर आलेले एकेक दोन दोन खिळे. वासे त्या खिळ्यांतून अलगद निघून गेलेले. लाकूड मोडलं नव्हतं, पत्रा फाटला नव्हता, सुटला होता फक्त सांधा.

आपल्याला वाटतं वारा छपराला ढकलतो. खरं तर तो छप्पर वर खेचतो. वारा घरावर आपटून वर चढतो आणि आढ्यावरून (छपराच्या वरच्या टोकावरून), कडेवरून पलीकडे जाताना पाख्यापासून, म्हणजे छपराच्या उतारापासून, सुटतो, तिथे वरच्या बाजूचा दाब एकदम कमी होतो, आणि घरातली हवा तर तिथेच असते, ती खालून रेटते. त्यात एखादी खिडकी किंवा दार फुटून वारा आत शिरला की मग वरून ओढ आणि खालून रेटा दोन्ही एकाच वेळी, छत्री उलटी होते ना तसंच. म्हणून आमच्याकडे काही जुनी माणसं सांगतात ना की वादळात एक खिडकी उघडी ठेवा म्हणजे वारा पलीकडून निघून जाईल, ते कृपा करून करू नका, सगळी दारं-खिडक्या घट्ट बंद, आतून आडणा लावून.

ही ओढ किती असते ते मोजता येतं. आपल्याकडे वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरतात, त्यातला हिशोब साधा आहे, वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ६८ किलो. आणि वर्ग असल्यामुळे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. हे मधल्या भागाचं झालं, कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ हीच ओढ दीडपट, कधी दुप्पट होते, म्हणून छप्पर नेहमी कडेपासून सुटायला लागतं.

आता वजन बघा. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास, चौरस मीटरला पंधरा-एक लागतात, म्हणजे ३५-४० किलो, वर वाशांचं आणि रिपांचं (कौलं ज्यावर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) वेगळं. आणि अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा? चौरस मीटरला चार-पाच किलो!! माझं सगळं म्हणणं या एका आकड्यात आहे. आजोबांच्या काळात सुताराने वासा एका खिळ्यावर ठेवला तरी चालत होतं कारण वर चाळीस किलोची कौलं बसलेली होती, तेच वजन छप्पर धरून ठेवत होतं. शिवाय कौलांच्या फटीतून हवा ये-जा करते, त्यामुळे आतला दाब साठत नाही, आणि फार जोर आला तर कडेची कौलं सुटी सुटी उडतात पण सांगाडा राहतो. आपण शाकारणीचा (कौलं काढून पुन्हा नीट बसवण्याचा) त्रास नको, माकडं नाचतात, माणसं मिळत नाहीत म्हणून (कारणं सगळी खरी आहेत, मी कुणाला नावं ठेवत नाहीये) ती कौलं उतरवली आणि त्याच वाशांवर, त्याच एका खिळ्यावर, हलका पत्रा घातला. म्हणजे छप्पर धरून ठेवणारं वजन काढून टाकलं आणि त्याच्या जागी बांधणी काहीच केली नाही. त्यात पत्रा सलग, हवा कुठून जाणार नाही, उडाला तर अख्खा, बरेचदा रिपांसकट, आणि मग शेजारच्या घरावर नाहीतर विजेच्या तारांवर. एक दहा फुटी, साडेतीन फूट रुंद पत्रा म्हणजे सव्वातीन चौरस मीटर, त्याला ताशी १२० च्या वाऱ्यात दोनशे किलोच्या वर ओढ बसते. मग त्यावर चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) ठेवतात, टायर ठेवतात. एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो. तो पत्र्याला धरून ठेवत नाही, पत्र्याबरोबर खाली येतो आणि खाली कोण उभं आहे ते बघत नाही. हे खरंच थांबवायला हवं.

तर आमचं घर. चिऱ्याचं, दुपाखी म्हणजे दोन उतारांचं, पुढे ओटी आणि पडवी, मंगलोरी कौलं. निसर्गमध्ये समुद्राकडच्या पाख्याच्या खालच्या रांगा आणि आढ्यावरचे कोने, म्हणजे आढं झाकणारी कौलं, गेले, पडवीचं छप्पर पूर्ण गेलं. बाबांचं म्हणणं होतं सगळंच काढून लोखंडी करू. मी म्हटलं बाबा, कौलं राहू देत, पैसे सांध्यांवर घालू. खूप वाद झाला, शेवटी आईने माझी बाजू घेतली कारण तिला पत्र्याखाली एप्रिल-मे काढायचा नव्हता :)

विचार एवढाच की वरच्या कौलापासून पायापर्यंत ओढ कुठेही न तुटता खाली गेली पाहिजे. कौल रिपेला, रिप वाशाला, वासा भिंतीवरच्या लाकडाला, ते लाकूड भिंतीला. मधला एक सांधा जरी नुसता टेकलेला असेल तरी बाकीचं सगळं वाया, कारण ओढ बरोबर त्याला शोधून काढते. आमच्याकडे दोन सांधे टेकलेले होते, वासा लाकडावर आणि लाकूड भिंतीवर.

वाशासाठी आम्ही ३ मिलिमीटर जाड आणि दीड इंच रुंद लोखंडी पट्टी उलट्या यू सारखी वाकवून घेतली, ती वाशावरून घालून दोन्ही बाजूंनी खालच्या लाकडावर आणली आणि दोन्हीकडे बोल्ट मारले. जास्त खिळे का नाही मारले असं काकांनी विचारलं होतं, "अगं चार खिळे ठोकले की झालं, एवढं लोखंड कशाला?" तर काका, खिळा ज्या दिशेने ठोकला त्याच दिशेने ओढला तर तो सुटतोच, नुसत्या लाकडाच्या पकडीवर असतो. तोच खिळा किंवा बोल्ट आडवा बसवला की तो लाकूड कापल्याशिवाय निघू शकत नाही. पट्टीचं काम एवढंच, वरची ओढ आडव्या बोल्टवर आणून द्यायची. अमेरिकेत याला हरिकेन स्ट्रॅप म्हणतात आणि तयार मिळतात. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू नावाचं हरिकेन दक्षिण फ्लोरिडावर आलं तेव्हा तिथे हजारो घरांची छपरं गेली, तपासात दिसलं की बऱ्याच ठिकाणी छपराच्या प्लायवूडचे खिळे, पिना खालच्या लाकडात बसलेच नव्हते, बाजूने गेले होते. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम कडक झाले आणि २००२ पासून पूर्ण राज्याला एकच कोड लागू झाला. आपल्या वेल्डरकडे अशी पट्टी अगदी सहज वाकवून मिळते, फक्त कुणी मागत नाही.

भिंतीचं काम जास्त वेळखाऊ. नवीन घर असेल तर सोपं आहे, भिंतीच्या डोक्यावर चारी बाजूंनी सलग आरसीसी पट्टा घालायचा आणि त्यातच १२ मिलिमीटरचे बोल्ट उभे सोडायचे, वरचं लाकूड किंवा लोखंडी पाइप त्यात नटाने आवळायचा. जुन्या चिऱ्याच्या भिंतीला ते जमत नाही. आम्ही भिंतीच्या आतून आणि बाहेरून उभ्या पट्ट्या दोन-अडीच फूट खाली आणल्या आणि भिंतीतून आरपार बोल्ट घालून दोन्ही पट्ट्या एकमेकींना आवळल्या. खाली का आणायच्या, तर पट्टी जितकी खाली जाईल तितके चिरे वजन म्हणून कामाला लागतात. वरच्या एकाच थराला बांधली तर छप्पर तो थर घेऊन वर जाईल. अडीच फुटांत एका वाशाच्या वाट्याला दोनशे किलोच्या वर चिरा येतो आणि आमच्या मापात एका वाशाच्या टोकाला शंभर-एक किलो ओढ निघत होती, म्हणजे हिशोबात बसलं. चिरा जुना आणि मऊ असेल तर भोक पाडताना ड्रिल सावकाश, हॅमरवर नको, आणि बोल्टच्या दोन्ही टोकांना चांगली मोठी प्लेट पाहिजे नाहीतर बोल्ट चिऱ्यात रुततो.

आढ्याजवळ समोरासमोरचे वासे आडव्या फळीने एकमेकांना जोडले, दुपाखी घराला हे फार गरजेचं कारण नाहीतर दोन पाखी उलगडतात. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींना आतून तिरके टेकू दिले. खरं तर वाऱ्याला चौपाखी घर कधीही चांगलं, चारी बाजूंनी उतार असल्यामुळे वाऱ्याला उभी भिंत मिळत नाही, अँड्र्यूमध्येही तशी छपरं जास्त टिकली होती. उतार २२ ते ३० अंशांत असला तर ओढ बरीच कमी होते, फार सपाट छप्पर सगळ्यात वाईट. पण उभ्या घराचा आकार कोण बदलणार, नवीन बांधणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवा.

कौलांचं म्हणाल तर सगळी बांधायची गरज नाही. वळचणीच्या दोन-तीन रांगा, दोन्ही बाजूंच्या कडा आणि आढ्याजवळची रांग एवढी तारेने रिपेला बांधली. बऱ्याच मंगलोरी कौलांना मागच्या बाजूला तार ओवायला भोक असतं, शाकारणी करणारेसुद्धा ते वापरत नाहीत. कोने मात्र सिमेंटच्या मसाल्यात नीट बसवले, आणि पाख्यावर मधे मधे सिमेंटचे पट्टे दिले.

पडवीवर मी सगळ्यात जास्त हटून बसले. आपल्याकडे घराचंच पाखं लांबवून पडवी करतात, किंवा पाऊस भिंतीला लागू नये म्हणून वळचण तीन-तीन फूट बाहेर काढतात. पावसासाठी ते बरोबर आहे. पण वादळात वारा त्या पुढे आलेल्या भागाखाली शिरतो आणि तिथूनच उचलायला सुरुवात होते, पडवी गेली की तिच्या मागोमाग घराचं छप्पर. म्हणून पडवीचं छप्पर वेगळं केलं, घराच्या छपराच्या थोडं खाली, स्वतःच्या खांबांवर. उद्या गेलीच तर ती एकटी जाईल. घराची वळचण दीड फुटावर आणली आणि तिला भिंतीपासून तिरके टेकू दिले, दोन्ही टोकांना बोल्टने, कारण नुसता खालून लावलेला टेकू वजन पेलतो पण ओढ धरत नाही.

ज्यांना पत्राच घालायचाय त्यांच्यासाठी. घाला, पण मग वरच्या बांधणीत एक पट्टीही कमी करायची नाही. पत्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नका, दुकानदार पातळ घ्या म्हणून सांगेल. इंग्रजी J सारखा हुक एका बाजूने उघडा असतो, ओढ बसली की सरळ होतो आणि निघतो, त्याऐवजी ८ मिलिमीटरचा यू बोल्ट घ्या जो पाइपाला दोन्ही बाजूंनी धरतो. कडेला, आढ्याला आणि वळचणीला पत्र्याच्या प्रत्येक नळीवर बोल्ट, मधे एकाआड एक चालेल. आणि वायसर (डोक्याखालची चकती) मोठा पाहिजे, हे मी पुन्हा पुन्हा सांगते कारण पत्रा स्क्रूतून निघत नाही, स्क्रूच्या डोक्याभोवती फाटतो. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी वादळ आलं आणि शहरातली बहुतेक घरं गेली, तिथे नंतर अभ्यास झाला तेव्हा कळलं की झोतामागून झोत येऊन पत्रा त्या स्क्रूपाशी सारखा वर-खाली वाकत राहिला, तिथे भेगा पडल्या आणि मग अख्खा पत्रा निघाला. एका झोतात टिकला म्हणजे चार तास टिकेल असं नाही. तिथे त्यानंतर खास वादळासाठीचे मोठे वायसर वापरायला लागले.

गच्चीवरच्या शेडबद्दल थोडं रागाने लिहिते. स्लॅबचं घर म्हणून लोक निश्चिंत असतात आणि वर चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड टाकतात, खांबाखाली एवढीशी प्लेट आणि चार छोटे फास्टनर, ते पण कधी कधी पॅरापेटच्या विटेत. उंचावर वारा जास्त, खालून पूर्ण मोकळं, म्हणजे सगळी ओढ त्या फास्टनरवर. वादळात अशा शेड रस्त्यावर येतात आणि खाली माणसं असतात. खांब स्लॅबच्या खालच्या बीमवर किंवा कॉलमवर आले पाहिजेत, मोठी प्लेट आणि आत खोल केमिकलने बसवलेले बोल्ट, तिरके ब्रेसिंग. वेल्डर म्हणेल काही होत नाही ताई. त्याला म्हणा करून दे.

आमच्याकडे अजून एक शत्रू म्हणजे खारा वारा. साधा स्क्रू काही वर्षांत गंजून नुसतं डोकं उरतं, खालून दिसतही नाही. सगळं गॅल्वनाइज्ड घ्या, जमलं तर स्टेनलेस, आणि जिथे वेल्डिंग झालंय तिथलं झिंक जळून गेलेलं असतं म्हणून त्यावर झिंकचा रंग दोन हात. दर वर्षी एप्रिलमध्ये शिडी लावून नट फिरवून बघायचे, हे काम आमच्याकडे आता भाऊ करतो.

खर्च बरेच जण विचारतात. पट्ट्या, बोल्ट, गॅल्वनाइझिंग, वेल्डर आणि सुताराची मजुरी असं सगळं धरून, पूर्ण लोखंडी सांगाडा आणि पत्र्याचं जे कोटेशन बाबांनी आणलं होतं त्याच्या पावपटीच्या आतच झालं. एकदम जमत नसेल तर आधी समुद्राकडची बाजू आणि चार कोपरे करा, बाकीचं पुढच्या वर्षी. फक्त काम दिवाळी ते होळीच्या मधे काढा. अरबी समुद्रातली वादळं बहुतेक मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात, आणि मे महिन्यात तालुक्यात एकही सुतार रिकामा सापडत नाही.

आता यंदा गोठा राहिलाय. त्याला पत्राच आहे आणि खांब नुसते जमिनीत पुरलेले, तर खांबांना खाली काँक्रीटचे ठोकळे घालून बेस प्लेट देणार आहोत, तोवर मेमध्ये काही इशारा आलाच तर मासेमारीची जुनी जाळी वरून टाकून खाली खुंट्यांना बांधून ठेवू. यू पट्टीचं माप चार-पाच जणांनी मागितलंय. आमचा वासा तीन बाय चार इंच आहे, पट्टी त्याच मापाने वाकवलीय, तुमचा वासा आधी मोजा, जुन्या घरात एकाच पाख्याचे दोन वासे सारखे नसतात, आणि प्रत्येकाचं माप खडूने वाशावरच लिहून मग वेल्डरकडे जा.